सातबाऱ्यावर तिचे नाव

पश्चिम आफ्रिकेत गाम्बिया नदीकाठच्या दलदलीत भात लावायचा तो बायकांनी, ही तिथली जुनी रीत. पुरुष वरकस जमिनीत भुईमूग घेत. १९८४ मध्ये जहाली-पचार इथे आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या मदतीने पंप बसले, पाट निघाले, वर्षातून दोनदा भात पिकू लागला. आधीच्या योजनांनी जमीन आणि कर्ज पुरुषांच्या हाती दिले होते. या वेळी ते टाळायचे असे ठरले होते. तरी वाटपाच्या यादीत पुन्हा पुरुषांचीच नावे आली. बायका भांडल्या, तेव्हा खाचरे त्यांच्या नावावर चढली. पण ती ‘कुटुंबाची’ धरली गेली, आणि कुटुंबाच्या जमिनीवर हुकूम घरच्या कर्त्याचा. बाईचे कष्ट वाढले, भात त्याचा झाला. पूर्वी स्वतःच्या तुकड्यातला भात विकून चार पैसे ती गाठीला बांधायची, तेही गेले.

एस्टर बोसरप या डॅनिश विदुषीने १९७० मध्येच हे बजावले होते. आधी गोरे अधिकारी आणि मग विकासतज्ज्ञ, सगळ्यांनीच शेतकरी म्हणजे पुरुष असे गृहीत धरले आणि नवे बियाणे, नवी अवजारे त्याच्याच दारात नेली. मेक्सिकोपासून बीजिंगपर्यंत महिलांच्या जागतिक परिषदा झाल्या, ठराव झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये हिशेबच मांडला: पुरुषांइतकीच साधने मिळाली तर बायकांच्या शेतातले उत्पन्न २० ते ३० टक्क्यांनी वाढेल आणि जगातले किमान दहा कोटी लोक उपाशी राहणार नाहीत. इथिओपियाच्या काही प्रांतांनी जमिनीच्या दाखल्यावर नवरा-बायको दोघांची नावे आणि दोघांचे फोटो लावले. इतके साधे काम, पण ते कुणीतरी मनावर घ्यावे लागते.

आपल्याकडेही ते मनावर घेतले गेले होते. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरले आणि पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली. एखाद्या गावात शंभर कुटुंबांनी बायकोच्या नावे जमीन केली की ते गाव लक्ष्मीमुक्त. कायद्याची सक्ती नसताना, आपल्या मर्जीने शेतकऱ्यांनी हे केले. महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट आम्हाला आठवत नाही, आणि ती किती लवकर विसरली गेली याचे दुःख होते.

कारण खुरपणी, लावणी, वेचणी बाईची असली तरी सातबारा अजून बहुधा पुरुषाचाच आहे. नावावर जमीन नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाई नाही. नवरा गेला की वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. तरी बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. माहेर तुटेल ही त्यांची भीती खरी असते, म्हणून दोष त्यांना देता येत नाही.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्त या अंकाचा मोठा भाग आम्ही शेतकरी बाईसाठी राखला आहे. तो वाचाच. पण त्याआधी भाऊरायांना एक विनंती: या भाऊबिजेला बहिणीच्या ताटात ओवाळणी घाला, आणि तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही मागू नका.