पाऊस अपघाताची जागा बदलतो

उन्हाळ्यात अपघात कुठे होतात ते तुम्हाला ठाऊक आहे: फाट्यावर, ढाब्यासमोर, सरळ डांबरी रस्त्यावर. मृग बरसला की जागा बदलतात. पहिल्या सरीत धूळ आणि सांडलेले तेल एक होऊन रस्ता निसरडा होतो, दुचाकी वळणावर घसरते. रानातून निघालेला ट्रॅक्टर चाकांचा चिखल डांबरावर टाकून जातो, तिथेही तेच. (तो चिखल काढणे ट्रॅक्टरवाल्याचेच काम, राग आला तरी चालेल.) काळ्या मातीची साइडपट्टी मऊ पडते, एस.टी.ला बाजू देताना ट्रॉली खाली कलंडते.

सगळ्यात वाईट जागा फरशी पुलाची. फूटभर वाहते पाणी लहान मोटार ढकलून नेऊ शकते, दोन फुटांत बहुतेक गाड्या टिकत नाहीत. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली, हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या नदीत गेल्या. तो तर मुंबई-गोवा महामार्ग होता. आपल्या ओढ्यावरच्या फरशीकडे कोण बघतो?

सरपंच, पोलीस पाटील मंडळींनी १ मेच्या ग्रामसभेतच गावच्या अशा जागा लिहून काढाव्यात. फरशीच्या कडेचे दगड चुन्याने रंगवा, फुटांच्या खुणा केलेला खांब रोवा. पाणी चढले की दोन्ही बाजूंनी दोर कोण बांधणार, ती माणसे नावानिशी ठरवा. बांधकाम खात्याकडे अर्जही द्या, पण पोच घेतल्याशिवाय परतू नका.