बाइट कुठे सांडतात?

"सर, केबल खराब आहे!" सिरियल पोर्टवर डेटा गळला की आपलं उत्तर ठरलेलं. उपायही ठरलेला. बॉड रेट ११५२०० वरून ९६०० वर आणायचा, जर्नलवर सही घ्यायची, विषय संपला. मीही हेच केलं. आमच्या तापमानाच्या रीडिंगमध्ये १०२ मधलं शून्य गळून १२ झालं होतं आणि ते आम्ही 'नॉइज' म्हणून ग्राफवरून खोडलं! आता वाटतं, हा उपाय नव्हता, पांघरूण होतं.

जरा हिशोब करू. स्टार्ट-स्टॉप धरून एका बाइटचे १० बिट, म्हणजे ११५२०० ला दर ८७ मायक्रोसेकंदांना एक बाइट. पीसीतल्या जुन्या ८२५० चिपमध्ये आलेला एकच बाइट राहायचा. १६५५०ए मध्ये १६ बाइटची फिफो आली. पण ट्रिगर लेव्हल १४ वर ठेवली तर इंटरप्टनंतर सीपीयूच्या हातात जेमतेम २६० मायक्रोसेकंद. तेवढ्यात आयएसआर धावला नाही, तर बाइट गेलाच.

'इंटरप्ट लेटन्सी'ला मराठीत काय म्हणावं, मला कॉन्व्हेंटवालीला सुचेना. रूममेट म्हणाली, "हाक ऐकून उठायला लागणारा वेळ." बरोब्बर! नळाखाली बादली लावून आपण पडतो. कोणीतरी ओरडतं, "भरली गं!" आपण उठेपर्यंत पाणी वाहून जातं. दोष नळाचा, की आपल्या झोपेचा?

आमच्या ड्रायव्हरमध्ये ही झोप मीच घातली होती. डीबगिंगसाठी आयएसआरमध्येच दर बाइटला प्रिंट! तो काढला आणि ११५२०० लाही रीडिंग नीट आली.

शिवाय सांडायच्या जागा दोन आहेत. फिफो भरून बाइट गेला तर लाइन स्टेटस रजिस्टरचा बिट १ सेट होतो. इथे आयएसआर छोटा ठेवा, इंटरप्ट फार वेळ बंद ठेवू नका, ट्रिगर ८ वर आणा. ड्रायव्हरचा रिंग बफर दसपट केला तरी हा रोग बरा होत नाही. दुसरी जागा म्हणजे तो रिंग बफरच. प्रोग्रॅम वेळेवर वाचत नाही म्हणून तो भरतो आणि चिपला त्याचा पत्ताही नसतो. प्रोग्रॅम कधीतरीच अडकत असेल तर मोठा बफर चालेल. कायमच मागे पडत असेल तर कितीही मोठा बफर भरणारच. तिथे आरटीएस-सीटीएस वापरून पाठवणाऱ्यालाच थांबवायला हवं.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, ड्रायव्हरमध्ये दोन्ही जागांसाठी एकेक काउंटर ठेवा आणि आकडे जर्नलमध्ये लिहा. लिनक्सचा सिरियल ड्रायव्हरसुद्धा ओव्हररन मोजून ठेवतो, त्याला लाज वाटत नाही. सरांना आणि मॅडमना एकच विनंती: आकडा शून्य नाही म्हणून मार्क कापू नका, मोजलाच नाही तर जरूर कापा. उद्या आपण लिहिलेल्या ड्रायव्हरमागे एखादा पेशंट असेल. तेव्हा १०२ चं १२ झालं, तर ते नॉइज म्हणून खोडता येणार नाही.