चमक पॉलिशची, नाव कोटिंगचं

दसऱ्याला नवी गाडी शोरूममधून बाहेर पडते तेव्हा बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक असतं, चाकाखाली लिंबू असतं आणि बिलाच्या तळाशी पंधरा-वीस हजारांचं ‘पेंट प्रोटेक्शन’ असतं. स्वस्तिक आणि लिंबू यांचा गुण कोणी मोजायला जात नाही, म्हणून त्यांच्याशी आपलं भांडण नाही. तिसऱ्या गोष्टीचे दावे मात्र आकड्यांत केलेले असतात, तेव्हा ते आकड्यांनीच तपासावे लागतात. व्हीआरडीईसारखी संस्था ज्या नगरात बसून लष्करी वाहनांची कसोटी घेते, तिथल्या माणसाने गाडीच्या बाबतीत नुसती मान डोलवावी हे काही शोभत नाही.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही पूर्ण. विक्रेत्याचं म्हणणं असं: हे सिरॅमिक आहे, काचेसारखं कडक. कठिणता नऊ-एच. ओरखडा उठत नाही, धूळ बसत नाही, उन्हाने रंग उडत नाही. पाच वर्षं गाडीकडे बघायचं काम नाही. एवढं बोलून तो बॉनेटवर तांब्याभर पाणी ओततो, थेंब मोत्यांसारखे घरंगळत खाली जातात आणि गिऱ्हाईक खिशात हात घालतं.

नऊ-एच ही पेन्सिलची मोजपट्टी आहे. पंचेचाळीस अंशांत धरलेली पेन्सिल ७५० ग्रॅम भाराखाली रंगावरून ढकलायची. जी सर्वांत कडक पेन्सिल खूण उठवू शकत नाही, ती त्या रंगाची कठिणता. नऊ-एच म्हणजे त्या पट्टीचं टोक. पण पेन्सिलचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. नगर-मनमाड रस्त्यावर गाडीवर बसते ती आपल्या काळ्या पाषाणाची धूळ. खनिजांच्या कठिणतेची मोजपट्टी वेगळी, मोहस् यांची, १८१२ सालची. तिच्यावर या पाषाणातलं फेल्डस्पार सहाच्या आसपास, गारगोटी सात, साधी काच साडेपाच आणि हिरा दहा. गिऱ्हाईक ‘नऊ’ ऐकतं आणि मनातल्या मनात हिऱ्याच्या शेजारी जाऊन बसतं. ते तिथे बसलं, तर विक्रेता त्याला उठवत नाही.

दुसरी गोष्ट जाडीची. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरतात. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, ज्याला रंगकाम करणारे ‘क्लिअर’ म्हणतात, चाळीसेक मायक्रॉनचा. कोटिंग असतं एक-दोन मायक्रॉनचं. गादीवर पापड अंथरला म्हणून गादी फरशी होत नाही. बोट टेकलं की पापड मोडतो आणि गादी दबते. सुप्याजवळ पुढच्या डंपरच्या चाकाखालून खडी उडाली तर तिला हा पापड अडवणार नाही. तिला अडवायचं असेल तर दीड-दोनशे मायक्रॉनची पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म लागते. ती वेगळी वस्तू आहे आणि तिची किंमतही तशीच वेगळी.

मग कोटिंग करून आलेली गाडी आरशासारखी का दिसते? कारण कोटिंगच्या आधी तिला मशीनने पॉलिश मारलेलं असतं. पॉलिश क्लिअरचा किंचित थर खरवडून बारीक ओरखडे सपाट करतं. आरसा तिथेच तयार होतो. श्रेय नंतर पुसलेल्या बाटलीला जातं. कोरी गाडीही अशी खरवडून घ्यायची म्हणजे चाळीसच्या शिलकीतून पहिल्याच दिवशी खर्च सुरू!

नावांचंही असंच. वीसेक वर्षांपूर्वी अशाच दुकानांतून ‘टेफ्लॉन’ मिळायचं. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंशांना. तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात. बॉनेट भट्टीत घातलेलं कोणी पाहिलंय? मग नॅनो आलं, सिरॅमिक आलं, आता ग्राफिन आलंय. सिरॅमिक म्हटलं की आपल्याला कपबशी आठवते, आवा आठवतो. इथे स्पंजने पुसलेला सिलिकाचा द्राव हवेवर वाळतो, एवढंच.

यावर हमखास येणारं उत्तर असतं, ‘अहो, माझ्या मेव्हण्याची गाडी तीन वर्षांनीही नव्यासारखी आहे.’ असेलही. वीस हजार मोजलेला माणूस गाडी सावलीत लावतो, शाम्पूने धुतो, पोराला बॉनेटवर बसू देत नाही. शिवाय वॉरंटी टिकवायची म्हणून वर्षाला पैसे भरून ‘मेंटेनन्स’ला नेतो आणि तिथे नवा हात फिरतो.

आता मंडन, कारण हे औषध अगदीच खोटं नाही. सिलिकाचा हा थर रंगाला मेणापेक्षा घट्ट धरतो. मेण काही आठवड्यांत किंवा फार तर दोन-तीन महिन्यांत जातं. चांगलं कोटिंग नीट सांभाळलं तर वर्षभर, कधी त्याहून जास्त राहतं. पक्ष्याची विष्ठा, चिकटलेले किडे, गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीतून उतरणारी बगॅसची काजळी ही घाण कोटिंगवरून लवकर सुटते. लवकर धुतली तरच, हे मात्र ध्यानात ठेवायचं. धुणं सोपं होतं, हा खरा गुण आहे आणि तो पैसे देण्याजोगा आहे. किती पैसे, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी हजार-बाराशेची बाटली आणून घरीच मारतो.

पण मोत्यांसारखे थेंब नगरात वैरीही ठरतात. आपलं बोअरचं पाणी क्षारांचं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच इथेही. मे महिन्यात थेंब जागेवर सुकला की कॅल्शियमची गोल कडी मागे राहते. कोटिंग ती अडवत नाही, उलट थेंबाला गोल आकार देऊन ती नेमकी आखते. गाडी सावलीत धुऊन लगेच टिपून घेणं, याला कोटिंगची बाटली हा पर्याय नाही.

आणि ओरखडे? ते रस्त्यावर कमी आणि दारात जास्त पडतात. सावेडीपासून केडगावपर्यंत कुठल्याही सोसायटीत सकाळी बघा: कोरडं फडकं, रात्रभर बसलेली धूळ आणि दाबून मारलेले गोल हात. आधी पाण्याचा फवारा, मग शाम्पू, मग स्वच्छ मऊ कापड, एवढ्याने जे वाचतं ते कुठलंही कोटिंग वाचवत नाही.

फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे आणि तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. पण तक्रारीला कागद लागतो. म्हणून मी एका दुकानात म्हटलं, ‘दादा, आत्ता जे बोललात तेवढं बिलावर लिहून द्या: ओरखडा पडणार नाही, पाच वर्षं.’ त्याने हसून बिलबुक ओढलं, पेन काढलं आणि लिहिलं, ‘कोटिंग, १ नग’.