याले पगार किती भेटते?

मार्च २०२२. सोमवारची रात्र, म्हणजे घड्याळाप्रमाणे मंगळवार लागलेला. मी चंद्रपूरला घरी, हॉलमध्ये, टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून बसलेली. तिकडे फ्लोरिडात, टीपीसी सॉग्रासवर, प्लेयर्स चॅम्पियनशिपची शेवटची फेरी रंगली होती. आणि आपला अनिर्बान लाहिरी चक्क जिंकण्याच्या बेतात! (जन्म पुण्याचा, तेव्हा 'आपला' म्हणायचा हक्क डबल.) जागतिक क्रमवारीत तेव्हा तो ३२२ वा होता.

पाणी प्यायला उठलेले बाबा दारात थबकले.

"काय करून राहिली एवढ्या रात्री?"

"गोल्फ बघतेय."

बाबांची अख्खी नोकरी कोळसा खाणीच्या ऑफिसात गेली. पगार एक तारखेला, आता पेन्शनही तसंच. थोडा वेळ बघून त्यांनी मुद्द्याचा प्रश्न टाकला, "याले पगार किती भेटते?"

"पगार नसतो बाबा."

बाबा खुर्ची ओढून बसले!

मग मी सगळं सांगितलं. पीजीए टूरवर बहुतेक स्पर्धा चार दिवसांच्या. पहिले दोन दिवस, ३६ होल्स, सगळे खेळतात. मग 'कट' लागतो. वरचे साधारण ६५ पुढे, बाकीचे बॅग भरून घरी, बक्षिसाचा एक डॉलरही नाही. विमान, हॉटेल, कॅडी, सगळं स्वतःच्या खिशातून. जिंकलात तर साधारण १० टक्के कॅडीचे. शिवाय वर्षअखेरीला पहिल्या १२५ मध्ये नसाल तर पुढच्या सीझनचं टूर कार्ड धोक्यात. (आता तर ती रेषा १०० वर आणलीय.)

"म्हणजे तेंदूच्या फळीसारखं," बाबा म्हणाले. त्यांचं बालपण गडचिरोलीत, धानोऱ्याकडे गेलं. ७० पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर न्यायचा. मोजणाऱ्याने खराब म्हणून बाजूला काढला की त्या पुड्याचे पैसे नाहीत. दिवसभर ऊन खाल्लं त्याचा हिशोब कोणी करत नाही.

मी काही बोलले नाही. मलाही लेख छापून आला तरच पैसे मिळतात, आणि छापून आला तरी कधी मिळतील ते एक अकाउंट्सवाल्यांना ठाऊक.

टीव्हीवर कॅमेरून स्मिथने १७ व्या होलवर, चहूबाजूंनी पाणी असलेल्या त्या फेमस ग्रीनवर, बॉल झेंड्याच्या अगदी जवळ टाकला. बर्डी! आणि १८ व्याला बॉल पाण्यात घालून एक फटका घालवलासुद्धा. आता लाहिरीला शेवटच्या होलवर बर्डी मिळाली की बरोबरी, मग प्लेऑफ. बाबा खुर्चीच्या टोकाला आलेले. गोल्फसाठी!

नाही झाली. स्मिथ १३ अंडर, लाहिरी १२ अंडर. एक फटका.

"दुसऱ्या नंबरला काय भेटलं?"

२१ लाख ८० हजार डॉलर. मी मोबाइलवर गुणाकार केला, सोळा कोटींच्या वर. बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि परत केला.

त्याच वर्षी ऑगस्टअखेर लाहिरी टूर सोडून एलआयव्हीत गेला. तिथे कट नाही, शेवटी आलेल्यालाही पैसे. मी बाबांना फोनवर सांगितलं. ते खूश, "परमनंट झाला म्हण ना!" मला थोडं वाईट वाटलं होतं. मग वाटलं, वाईट वाटून घेणारी मी कोण? माझं काय होम लोन चालू आहे? पीजीए टूरनेही २०२२-२३ च्या सीझनपासून कार्डवाल्यांना सीझनला किमान पाच लाख डॉलरची हमी द्यायला सुरुवात केली. तोही एक प्रकारचा पगारच झाला की.

मी अजून फ्रीलान्सच. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास बाबांचा फोन येतो. तब्येत, जेवण, चंद्रपूरचं ऊन. आणि ठेवता ठेवता, हळूच,

"कट झाला का?"

या महिन्यात झाला. दोन लेखांचे आले, तिसऱ्याचे राहिलेत.