आरसा आणि त्याला टांगलेली तस्बीह

एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीचं दार उघडावं आणि आतला आरसा सीटवर पडलेला दिसावा, हे जुनी गाडी बाळगणाऱ्या बऱ्याच घरांत घडतं. मग कुणीतरी दुकानातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब आणतं. एक थेंब लावला की आरसा जागेवर. आठ-पंधरा दिवसांत तो पुन्हा खाली येतो आणि नंतर डिकीत जाऊन पडतो. ‘बाहेरचा आरसा आहे ना, चालेल’ म्हणून गाडी तशीच चालत राहते.

नव्या गाडीत एक वेळ चालेल. जुन्या गाडीत चालत नाही, कारण कित्येक जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला बाहेरचा आरसाच नसतो. मागचं दिसतं ते आतल्या आरशातूनच. शाळा सुटल्यावर मोहल्ल्याच्या गल्लीतून धावणारी मुलं कुठल्या बाजूने येतील ते सांगता येत नाही. गाड्यांना आरसे बसवण्याची रीत रुळण्याआधीच, १९०९ साली, डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक बाईंनी बायकांसाठी गाडी चालवण्यावर पुस्तक लिहिलं. त्यात छोटा हातआरसा जवळ ठेवावा आणि रहदारीत मधूनमधून उचलून मागे पाहावं, असा सल्ला आहे.

आमच्या मामूंकडे अजून प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून निघालेल्या फियाट डिलाइटला १९७४ मध्ये हे नाव मिळालं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण कोकणात अंगणातल्या मांडवाखाली अजून काही पद्मिनी जपलेल्या आहेत. मामूंचं वय सत्तरीच्या पुढे, मान नीट वळत नाही. त्यांच्या गाडीचा मूळ आरसा मोडला होता, म्हणून काचेला चिकटवायचा आरसा बसवला होता. गेल्या उन्हाळ्यात तो दोनदा पडला. त्याला कारणं दोन होती: एक गोंद आणि दुसरी तस्बीह.

आधी गोंदाचं पाहू. काच, धातू आणि गोंद उन्हात सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. दुपारी ताणले जातात, रात्री आकसतात. झटपट गोंद सुकल्यावर ठिसूळ होतो. हा रोजचा ताण, खड्ड्यांचे हादरे आणि पावसाळ्याची दमट हवा त्याला सोसत नाही. दोन ट्यूब मिसळून करायचा इपॉक्सी मजबूत असतो, पण तो फार कडक बसतो आणि कधीकधी निघताना काचेचा टवकाच घेऊन निघतो. जुन्या गाडीची समोरची काच सहज मिळत नाही, तेव्हा हा धोका घेऊ नये. गाडीच्या सामानाच्या दुकानात खास आरशासाठीचा गोंद मागा. त्यात दोन वस्तू असतात: आधी लावायचं पातळ द्रव्य आणि मग गोंद.

आरसा थेट काचेला चिकटत नाही. काचेला धातूची छोटी टिकली चिकटते आणि आरशाचा दांडा तिच्यावर सरकून बसतो. म्हणून आधी टिकली दांड्यातून सोडवा. तिची कोणती बाजू काचेकडे होती आणि कोणतं टोक वर होतं, ते नीट पाहून ठेवा. बहुधा निमुळतं टोक वर असतं. मग काचेच्या बाहेरच्या बाजूने, टिकलीची जागा मार्करने आखून घ्या. एकदा आतून साफसफाई केली की जुनी खूण राहत नाही.

आता काच. जुना गोंद ब्लेड आडवी धरून हळूहळू खरवडा. मेणबत्ती किंवा काडीने तापवू नका, एका जागी तापलेली काच तडकते. उन्हापासून बचावाची फिल्म लावलेली असेल तर तेवढी जागा मोकळी करा, नाहीतर आरसा काचेला नव्हे, फिल्मला चिकटेल आणि तिच्यासकट खाली येईल. टिकली बारीक पॉलिश पेपरने घासा. मग काच आणि टिकली दोन्ही स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका, बोटाचं तेल पुरेसं आहे सगळं बिघडवायला. पातळ द्रव्य लावून पाकिटावर सांगितलेला वेळ सुकू द्या. गोंदाचा एकच थेंब टिकलीवर घ्या. जास्त गोंद म्हणजे जास्त पकड, असं नसतं. खुणेवर टिकली ठेवून पूर्ण मिनिटभर न हलवता दाबून धरा. काम सावलीत करा, तापलेल्या काचेवर गोंद नीट पसरण्याआधीच धरतो.

यापुढचं काम सबुरीचं. टिकली पंधरा मिनिटांत पक्की वाटते, पण आरसा दुसऱ्या दिवशी चढवा. बारीक स्क्रू असेल तर बेताने आवळा, जोर काचेवर जातो.

तुमच्या गाडीचा आरसा काचेला नसून छताच्या पट्टीला स्क्रूने बसवलेला असेल, तर गोंद विसरा. तिथे आटे झिजलेले असतात किंवा गंज धरलेला असतो. गंज घासून प्रायमर लावा आणि किंचित जाड स्क्रू वापरा, पण तो लांब नको. वर लगेच छताचा पत्रा असतो आणि जवळून दिव्याची वायर गेलेली असू शकते.

आता तस्बीह. मामूंच्या आरशाला मुमानींनी मक्केहून आणलेली तस्बीह आणि आयतुल कुर्सीची छोटी पाटी टांगली होती. प्रत्येक वळणावर, प्रत्येक खड्ड्यात ते वजन झोके घेत टिकलीला ओढत होतं. शिवाय समोरचा रस्ता अडत होता. ते काढावं असं मी म्हटल्यावर मुमानी नाराज झाल्या. “अगं, ती हिफाजतीसाठी आहे, आणि तू तीच काढायला सांगतेस?”

मी एवढंच विचारलं, “मुमानी, आरसा पडला तेव्हा ती पाटी कुठे मिळाली?” ती मामूंच्या पायाखाली, ब्रेकच्या शेजारी मिळाली होती. मुमानी गप्प झाल्या. कलामुल्लाह पायदळी येईल अशा ठिकाणी टांगणं, हा अदब कसा म्हणायचा? आणि ब्रेकखाली ती अडकली असती तर?

उंट आधी बांधावा, मग तवक्कल करावा, ही शिकवण आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. गाडीच्या बाबतीत उंट बांधणं म्हणजे ब्रेक, टायर, दिवे आणि आरसा. सफरची दुआ जिभेवर असते, तिला टांगायला खिळा लागत नाही. मुमानींनी तस्बीह पर्समध्ये ठेवली आणि पाटी घराच्या दिवाणखान्यात लावली. मामूंचा आरसा तेव्हापासून पडलेला नाही, अल्हमदुलिल्लाह.

आरसा बसला की सीटवर नेहमीसारखं टेकून बसा आणि मान न वळवता मागची पूर्ण काच दिसेल असा तो फिरवा. घरात गाडी चालवणारे दोघं असतील तर प्रत्येकाने बसल्यावर तो आपल्यापुरता लावून घ्यावा. सुट्टीत गावी निघण्यापूर्वी आरशाला बोट लावून पाहा. हलत असेल, तर निघण्याच्या सकाळी नव्हे, दोन दिवस आधी कामाला लागा. गोंदालाही एक रात्र द्यावी लागते.