राक्षस जन्मानें कीं कृतीनें?

पुराणांत देवदैत्यांच्या युद्धाची कथा लागली, म्हणजे श्रोत्यांच्या मनांत दोन पक्ष आपोआप ठरून जातात. एका बाजूस सारे चांगले, दुसऱ्या बाजूस सारे वाईट. आणि हा बरेवाईटपणा ज्याच्या त्याच्या जन्माबरोबरच आलेला! ही समजूत कथेपुरतीच राहती, तर तिचा समाचार घेण्याचें आम्हांस कारण नव्हतें. परंतु तीच समजूत देवळाच्या सभामंडपांतून उठून बाजारांत येते, पंगतींत बसते आणि जात विचारून माणसाची योग्यता ठरविते. म्हणून तिला तिच्याच घरचा पुरावा दाखविणें अवश्य आहे.

प्रथम कुळाचा विचार करूं. देव आणि दैत्य हे दोघेही कश्यपाचेच पुत्र. माता तेवढ्या निराळ्या, एकांची अदिति, दुसऱ्यांची दिति. बाप एकच असतां शुद्ध बीजाचा अभिमान कोणीं कोणास सांगावा?

आतां महाभारतांतील दोन रात्री पाहूं. युद्धाच्या चौदाव्या दिवशीं सूर्य मावळला तरी शस्त्रें थांबलीं नाहींत. त्या रात्रीं हिडिंबेचा पुत्र घटोत्कच यानें कौरवसैन्याची दाणादाण उडविली, तेव्हां अर्जुनासाठीं जपून ठेवलेली इंद्रदत्त शक्ति कर्णास त्याच्यावर सोडावी लागली. राक्षसीच्या पोटचा पुत्र पडला आणि अर्जुन वांचला. दुसरी रात्र सौप्तिक पर्वांतील. द्रोणाचार्यांचा पुत्र अश्वत्थामा हा जन्मानें ब्राह्मण. मामा कृपाचार्य यांनीं परोपरीनें समजाविलें असतांही तो पांडवपक्षाच्या शिबिरांत शिरला आणि निजलेल्या वीरांस त्यानें ठार केलें. द्रौपदीचे पांचही पुत्र त्यांत गेले. दोघांचीं कुळें क्षणभर झांकून ठेवा आणि सांगा, यांत राक्षस कोण?

कोणी शास्त्रीबुवा म्हणतील, घटोत्कच पडल्यावर श्रीकृष्णास हर्ष झाला, आणि हा यज्ञांचा द्वेष्टा असल्यामुळें पुढें आपणांसच त्यास मारावें लागलें असतें, असें त्यांनीं सांगितलें. हें द्रोणपर्वांत आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं. पण तेथेंही ठपका ठेवला तो कृतीवर, आईच्या कुळावर नव्हे. आणि त्याच पर्वांत युधिष्ठिर त्याचे उपकार आठवून शोक करितो. वनवासांत थकून मूर्च्छित झालेल्या द्रौपदीस यानेंच पाठीवरून वाहून नेलें होतें. परंपरेनें ज्या सात चिरंजीवांचें प्रातःस्मरण सांगितलें, त्यांत बलि हा दैत्यकुळांतला आणि बिभीषण राक्षसकुळांतला. सकाळीं ज्यांचें नांव पुण्यप्रद, त्यांच्याप्रमाणें हीन म्हटलेल्या कुळांत जन्मलेला माणूस दुपारीं दाराशीं आला, तर तो मात्र विटाळ कसा?

1950 सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या 17 व्या अनुच्छेदानें अस्पृश्यता बंद केली. परंतु भाड्यानें खोली मागणारास आधीं आडनांव विचारणारे घरमालक आणि मुलीनें जातीबाहेर वर निवडला म्हणून तिला तोडणारे बाप अजून आपल्याच आळींत राहतात. त्यांच्या मनांतला कायदा कोणतें विधिमंडळ बदलणार?

आमच्या व्यापारी वाचकांस पारख शिकवावयास नको. गोणीवरचा छाप पाहून ते सौदा करीत नाहींत. आंत हात घालून दाणा पाहतात. जी सावधगिरी धान्याच्या बाबतींत आपण रोज दाखवितों, ती माणसाच्या बाबतींत दाखविली, तर त्यांत धर्म बुडत नाहीं. उलट महाभारताचें पारायण केल्याचें सार्थक होतें.