नंबर म्हणजे माणूस नव्हे

मंडळी, आज थोडं तांत्रिक आहे. पण काकू-मामींनीही वाचावं, भांडण शेवटी फोनचंच आहे.

फोनची सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्यांना एक आळशी सवय लागलीय. कॉलची ओळख म्हणजे काय, तर ज्याच्यावरून आला तो नंबर. नंबर तोच, म्हणजे माणूस तोच, म्हणजे कामही तेच! पुण्या-मुंबईत हे कसंबसं खपतं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत नाही. पीसीओच्या काळात अख्खं गाव एका नंबरवरून बोलायचं. आजही एटापल्ली-भामरागडकडच्या टोल्यांवर एक मोबाईल घरभर फिरतो, शेजारीही मागून नेतात. रेंजसाठी टेकाडावर जो चढतो, त्याच्याकडे चार घरांचे निरोप असतात.

आता समजा, रुग्णालयाच्या मदतवाहिनीवर सकाळी त्या नंबरवरून सर्पदंशाचा फोन आला आणि तासाभराने बाळंतपणाचा. दुसरा कॉल 'डुप्लिकेट' म्हणून पहिल्यातच मिसळून टाकणारं सॉफ्टवेअर मी पाहिलंय. गाडी एकच निघणार. त्या बाईचं काय?

चीड येते ती यामुळे, की हा गुंता कधीच सुटलेला आहे. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने १९९३ साली 'टॅपी' आणली. तिच्यात लाइन वेगळी, लाइनवरचा पत्ता म्हणजे नंबर वेगळा आणि कॉल वेगळा. लाइन डिव्हाइसना ० पासून क्रमांक मिळतात, पण ते कायमचे नव्हेत. मॉडेम काढा-घाला, क्रमांक बदलू शकतो. म्हणून टिपून ठेवायला कायमचा लाइन आयडी निराळा. कॉलचं हँडलही आपल्या प्रोग्रॅमपुरतंच. एक्स्चेंजने कॉल आयडी दिला असेल, तर तो मात्र फोन दुसऱ्या टेबलावर ट्रान्सफर केला तरी कॉलबरोबर जातो. आणि नंबर? त्याच्यासोबत खुणा येतात: लपवलेला, अर्धवट, माहीत नाही, क्षेत्राबाहेरचा. (ही शेवटची जणू आमच्या जिल्ह्यासाठीच केलेली!)

"पण नंबर युनिक असतो ना?" असतो, एका वेळी. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं गेलं. म्हणजे त्यानंतर देऊ शकतात! बरं, नाव दाखवून तरी भागेल? ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस केली ती सिम घेताना फॉर्मवर लिहिलेलं नाव दाखवण्याची. सिम सासऱ्याच्या नावावर, कळा सुनेला.

तेव्हा प्रत्येक कॉलला त्याचा स्वतःचा आयडी द्या. नंबर हा नुसता एक रकाना ठेवा, रिकामा राहिला तरी चालेल असा. कोण बोलतंय, कुणासाठी, कुठल्या गावाहून, हे फोन उचलणाऱ्याने विचारावं. त्यात वीस सेकंद जास्त जातात म्हणून कुरकुरणाऱ्यांनी पर्लकोटेला पूर आलेला असताना एकदा भामरागडहून फोन लावून बघावा.